‘मास इफेक्ट’ची नवी आवृत्ती आणि जुन्या चाहत्यांचा वाद

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मास इफेक्ट’ ही विज्ञानकथेवरची गेम-मालिका मूळ काळात खेळायची राहून गेली, आता तिन्ही भाग एकत्र असलेली ‘लेजेंडरी एडिशन’ घ्यायचे मनात आहे, परंतु जुने चाहते आपसांत भांडताना दिसतात. नव्या आवृत्तीने पहिल्या भागाची सगळी रया घालवली असे काही जण म्हणतात, तर मूळ पहिला भाग आज खेळवतच नाही असे इतरांचे म्हणणे. यात खरे कोणाचे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावे?

उत्तर आधीच देतो: नवी आवृत्ती घ्या. मात्र जुन्या चाहत्यांचा वाद पोकळ आहे असे समजू नका. मी बरीच वर्षे गेमच्या दृश्यकलेत, विशेषतः टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रे) आणि प्रकाशयोजना या विभागांत काम करतो आहे आणि जुने गेम नव्या यंत्रांसाठी तयार करण्याचे काम जवळून पाहिले आहे; ‘मास इफेक्ट’शी मात्र माझा संबंध केवळ खेळणारा म्हणून. या अनुभवावरून सांगतो की जुन्या गेमला हात लावताना दर पावलाला एकच प्रश्न उभा राहतो: समोर दिसणारी गोष्ट मूळ कलावंताने मुद्दाम तशी ठेवली होती, की त्या काळच्या यंत्राने त्याला तसे करायला भाग पाडले होते? चाहत्यांची जवळपास सगळी भांडणे या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांतून निघालेली आहेत.

आधी पार्श्वभूमी. कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या स्टुडिओने पहिला भाग नोव्हेंबर 2007 मध्ये एक्सबॉक्स 360 साठी आणला आणि पुढच्या वर्षी तो पीसीवर आला. दुसरा भाग जानेवारी 2010 मध्ये आला, तिसरा मार्च 2012 मध्ये. 2012 च्या अखेरीस तिन्ही भाग एका खोक्यात घालून विकले गेले, पण त्यात काहीही सुधारलेले नव्हते. खरे पुनर्प्रकाशन म्हणजे 14 मे 2021 रोजी आलेली ‘लेजेंडरी एडिशन’. चाहते दरवर्षी 7 नोव्हेंबरला ‘एन सेव्हन दिन’ साजरा करतात, त्या दिवशी 2020 मध्ये तिची घोषणा झाली होती. तिच्यात तिन्ही भागांची मुख्य कथा आणि चाळीसहून अधिक डीएलसी (मूळ गेमला मागाहून जोडलेली वेगळी भर) आहेत. 2017 चा ‘अँड्रोमेडा’ हा वेगळ्या आकाशगंगेतला गेम तिच्यात नाही.

ही मालिका इतर मालिकांपेक्षा वेगळी का, हे समजल्याशिवाय वादाचे मर्म कळणार नाही. कमांडर शेपर्ड हे मुख्य पात्र आपण घडवतो, स्त्री किंवा पुरुष, आणि पहिल्या भागात घेतलेले निर्णय सेव्ह फाइलमधून, म्हणजे आपल्या खेळाची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधून, दुसऱ्या भागात व तिथून तिसऱ्यात जातात. एका भागात कोणाला जिवंत सोडले, कोणाशी मैत्री केली, आकाशगंगेच्या परिषदेला वाचवले की नाही याचे परिणाम पाच वर्षांनी आलेल्या गेममध्ये भेटतात. म्हणजे तीन स्वतंत्र गेम असे तिचे रूप नसून तीन टप्प्यांत सांगितलेली एकच लांब कथा असे आहे, आणि तिचा दोरा म्हणजे ती लहानशी सेव्ह फाइल.

हा दोरा मूळ काळात वारंवार तुटत असे. प्लेस्टेशन 3 वर दुसरा भाग जानेवारी 2011 मध्ये आला, पण पहिला भाग त्या यंत्रावर डिसेंबर 2012 पर्यंत उपलब्धच नव्हता. तेव्हा त्या खेळाडूंना ‘जेनेसिस’ नावाची एक संवादी चित्रकथा देण्यात आली, जिच्यात मोजके मोठे निर्णय चित्रे पाहत निवडायचे आणि पुढे जायचे. 2012 मध्ये तिसरा भाग आला तेव्हा तर पहिल्या भागात हाताने घडवलेला चेहरा त्यात नीट येतच नव्हता, आणि पाच वर्षे ज्या चेहऱ्याला ‘आपला शेपर्ड’ म्हटले तो हरवलेला पाहून लोक खवळले. काही आठवड्यांनी दुरुस्ती आली. नव्या आवृत्तीने सर्वांत मोलाचे काम केले ते हे की चेहरा घडवण्याची व्यवस्था तिन्ही भागांत एकसारखी केली आणि तिन्ही गेम एका प्रवेशद्वारातून सुरू होतील अशी सोय केली. चाहत्यांच्या भांडणात या कामाचा उल्लेख क्वचितच होतो, कारण जे सुरळीत चालते त्याबद्दल कोणी बोलत नाही. नव्या खेळाडूला मात्र त्याचाच सर्वाधिक लाभ आहे.

आता आपण विचारलेल्या ‘रीमास्टर की रीमेक’ या मुद्द्याकडे येतो. रीमेकमध्ये गेम नव्या इंजिनवर, म्हणजे गेम चालवणाऱ्या पायाभूत प्रणालीवर, मुळापासून पुन्हा बांधतात. रीमास्टरमध्ये जुना सांगाडा तसाच ठेवून वरची कामे नव्याने करतात. ‘लेजेंडरी एडिशन’ हे रीमास्टर आहे. मूळ तिन्ही भाग अनरियल इंजिन 3 वर होते आणि नवी आवृत्तीही त्याच इंजिनवर आहे. पुढच्या पिढीच्या अनरियल इंजिन 4 वर जाण्याचा विचार सुरुवातीला झाला होता, परंतु प्रकल्पप्रमुख मॅक वॉल्टर्स यांनी त्या वेळी दिलेले कारण तांत्रिक माणसाला लगेच पटते: जुन्या इंजिनात घटनांची साखळी ‘किस्मेट’ नावाच्या दृश्य-लिपीत रचली जात असे आणि नव्या इंजिनात तिला थेट पर्याय नव्हता. संवाद कधी सुरू होणार, दार कधी उघडणार, कोणते पात्र कोणत्या निर्णयानंतर गप्प राहणार, असे हजारो धागे हाताने पुन्हा विणावे लागले असते, आणि ज्या मालिकेचा जीव परिणामांच्या साखळीत आहे तिच्यात प्रत्येक धाग्यागणिक नवी चूक शिरण्याचा धोका होता. माझ्या मते जुन्या इंजिनवर राहण्याचा निर्णय योग्यच होता. ‘रीमेक का केला नाही’ ही तक्रार करणाऱ्यांनी त्या कामाचा आवाका लक्षात घेतलेला दिसत नाही.

आपल्याकडे याचे एक जवळचे उदाहरण आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या रीमेकची घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये झाली तेव्हा ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. पहिल्या दृश्यफितीतील चेहरे व प्रकाश पाहून चाहत्यांनी जोरदार टीका केली, आणि मे 2022 मध्ये ते काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेले. चाहत्यांच्या मनात जपलेला गेम नव्याने उभा करताना त्यांच्या नजरेला उतरणे किती अवघड असते, हे या व्यवसायातील मराठी मंडळींनी तेव्हा जवळून अनुभवले.

टेक्श्चरविषयी जरा विस्ताराने सांगतो, कारण ‘एआय वापरून चित्रे मोठी केली’ एवढ्या एका वाक्यात हे काम उडवून लावले जाते. एक्सबॉक्स 360 मध्ये एकूण 512 एमबी मेमरी होती, आणि ती प्रोसेसर व चित्रयंत्रणा यांच्यात वाटून वापरायची होती. त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागाचे चित्र लहान आणि दाबून ठेवलेले असे. या दाबण्याच्या पद्धतीत चित्र चार बाय चार ठिपक्यांच्या चौकोनांत तोडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी मोजकेच रंग ठेवतात. असे दाबलेले चित्र यांत्रिक बुद्धीला मोठे करायला दिले तर त्या चौकोनांच्या कडांनाही ती खरा तपशील समजते आणि कापडावर नसलेली जाळी उमटवते. म्हणून शक्य तिथे दाबण्याआधीचे मूळ चित्र जुन्या संग्रहातून शोधावे लागते. शिवाय नॉर्मल मॅप नावाचा जो प्रकार असतो त्यात रंग नसून पृष्ठभागाच्या दिशा साठवलेल्या असतात. त्याला साधे चित्र समजून मोठे केले की त्या दिशांचे गणित बिघडते आणि गालावर पडणारा प्रकाश मातीच्या मडक्यावर पडल्यासारखा दिसू लागतो. पाट्यांवरची अक्षरे ही तर यांत्रिक पद्धतीची हमखास फसण्याची जागा. बायोवेअरने हजारो टेक्श्चर आधी यंत्राने मोठी केली व नंतर त्यांवर हाताने काम केले, आणि पहिल्या भागातील महत्त्वाची पात्रे व परिसर यांवर सर्वाधिक मेहनत घेतली. गॅरस आणि रेक्स या दोन सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांवरची खवलेदार कातडी पाहिली तर ती मेहनत दिसते. मानवी चेहऱ्यांवर ती तितकी फळाला आलेली नाही. डोळे आणि ओठ यांची हालचाल 2007 चीच आहे, आणि कातडी सुधारली की जुनी हालचाल अधिकच खुपते.

खरा वाद मात्र प्रकाशाचा आहे, आणि त्यात जुन्या चाहत्यांची बाजू मला बरीचशी मान्य आहे.

पहिल्या भागाची पहिली मोहीम ईडन प्राइम या ग्रहावर घडते. ही मानवांची शांत वसाहत. तिच्यावर अचानक हल्ला झालेला आहे. मूळ गेममध्ये इथले आकाश काळपट लाल, धुरकट आणि जड आहे, अंतरावरचे काही धड दिसत नाही, आणि पाय ठेवताक्षणी काहीतरी वाईट घडल्याचे कळते. नव्या आवृत्तीत तेच दृश्य उजळ आहे, ऊन पसरलेले आहे, दूरवरच्या इमारती आणि जळलेले अवशेष स्पष्ट दिसतात. एकेक वस्तू निरखून पाहिली तर नवे काम सरस आहे. इमारती अधिक आहेत, विध्वंसाच्या खुणाही अधिक आहेत. तरीही भीती कमी झाली आहे. कारण मूळ दृश्यात भीती वस्तूंमध्ये नव्हती, त्या दिसत नव्हत्या यात होती.

हे असे का होते, ते आमच्या कामाच्या पद्धतीत दडलेले आहे. 2007 च्या यंत्रावर काळोख हा प्रकाशकाराचा मोठा मित्र होता. लहान टेक्श्चर, सावल्यांच्या करवती कडा, दूरवरचा ओसाड भूभाग हे सगळे अंधारात आणि धुक्यात झाकता येत असे. म्हणून काळोखाचे कारण काही अंशी तांत्रिक होते हे खरे. पण त्याच संघाने पडद्यावर जुन्या चित्रपटाच्या फितीसारखे कण उमटवण्याची सोयही मुद्दाम ठेवली होती, दिव्यांभोवती निळसर झळाळ्या ठेवल्या होत्या, आणि सिड मीड यांच्यासारख्या 1970-80 च्या दशकांतील भविष्यचित्रकारांचा प्रभाव त्यांच्या कलेवर होता. तेव्हा मर्यादा आणि हेतू इथे एकमेकांत मिसळलेले होते: काळोख ठेवावाच लागणार होता, म्हणून त्याच्याभोवती त्यांनी सौंदर्य रचले. चौदा वर्षांनी टेक्श्चर सुधारल्यावर झाकण्यासारखे काही उरत नाही, आणि केलेली मेहनत दिसावी असा मोह प्रत्येक संघाला होतो. हा मोह मी स्वतः कामाच्या ठिकाणी अनेकदा पाहिला आहे. पाषाणाच्या जुन्या देवळाला गावकरी मोठ्या भक्तिभावाने चकचकीत ऑइलपेंट देतात, त्यात कोणाचा हेतू वाईट नसतो. मात्र एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नवा प्रकाश सगळीकडे बिघडलेला नाही. संवादाच्या वेळी मूळ भागात चेहऱ्यांवर पडणाऱ्या फाटक्या, ठिपकेदार सावल्या हा निव्वळ यंत्राचा दोष होता, त्यांना कोणी हेतू म्हणणार नाही, आणि त्या गेल्या हे उत्तम झाले.

त्याच वर्षी, नोव्हेंबर 2021 मध्ये, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या भागांचे पुनर्प्रकाशन झाले. त्यात हा विवेक सुटला तर काय होते ते दिसले. ‘सॅन अँड्रियास’मधील धुके काढून टाकल्यामुळे एकेकाळी अफाट वाटणारे राज्य उंचावरून पाहिल्यावर एका नजरेत मावू लागले, आणि यंत्राने मोठ्या केलेल्या पाट्यांवर चुकीची अक्षरे झळकली, प्रकाशकांना काही दिवसांतच माफी मागावी लागली. त्याच्या शेजारी ठेवून पाहिले तर ‘लेजेंडरी एडिशन’ ही फारच जबाबदारीने केलेली आवृत्ती ठरते.

लिफ्टचा वाद मात्र मला मनापासून आवडतो. पहिल्या भागात सिटाडेल या विराट अवकाशस्थानकावर एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाताना लिफ्टमध्ये उभे राहावे लागे, आणि एखादी लिफ्ट जवळपास मिनिटभर चाले. पुढचा परिसर मेमरीत भरला जाईपर्यंत खेळाडूला कुठेतरी थांबवणे भाग होते, म्हणून ही योजना. म्हणजे शंभर टक्के मर्यादा. पण लेखकांनी त्या सक्तीच्या वेळात सहकाऱ्यांचे आपसांतले संवाद आणि आपल्याच कारवायांच्या बातम्या भरल्या, आणि चाहत्यांच्या आठवणीत त्या कंटाळवाण्या लिफ्ट विनोदाचा आणि प्रेमाचा विषय होऊन बसल्या. नव्या आवृत्तीत प्रवास पुष्कळ लहान झाला असून, हवे तर संवाद पूर्ण ऐका, नको तर बटण दाबून पुढे जा, अशी सोय आहे. मर्यादा काढून टाकली आणि तिच्यातून उगवलेले राखले. या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर सगळ्या आवृत्तीत दुसरे नाही.

मॅको या सहा चाकी वाहनाबद्दल फार लिहीत नाही. मूळ वाहन चेंडूसारखे उसळत असे. आता त्याला वजन आले आहे, पुढे झेप घेण्यासाठी थ्रस्टर मिळाला आहे, आणि वाहनातून शत्रू मारल्यास कमी अनुभवगुण मिळण्याची जाचक अट गेली आहे. बंदुकांचे मात्र थोडे अधिक बोलावे लागेल. पहिला भाग मुळात भूमिका-गेम होता. पात्राचे कौशल्य कमी असेल तर खेळाडूचा नेम अचूक असूनही गोळी भरकटे, आणि पात्राच्या ज्या वर्गाला (सुरुवातीला निवडायच्या लढाऊ प्रकाराला) स्नायपर रायफलचे शिक्षण नाही त्याला ती नीट धरताच येत नसे. हा दोष नव्हता, नियम होता; पात्राची वाढ हातात जाणवावी यासाठी केलेला. नव्या आवृत्तीत कोणत्याही वर्गाला कोणतेही शस्त्र वापरता येते आणि नेम पहिल्यापासून स्थिर आहे. यामुळे पहिला भाग नवख्याला सुसह्य होतो हे निर्विवाद, पण सुरुवातीचा अडखळणारा शेपर्ड आणि शेवटी पारंगत झालेला शेपर्ड यांतले अंतरही कमी होते. इथे हेतूला कात्री लागली आहे असे मी म्हणेन, आणि तरीही नव्या खेळाडूसाठी ती लावायला हवी होती असेही म्हणेन, कारण पहिल्या दोन तासांत कंटाळून गेम सोडणाऱ्याला पुढच्या दोन भागांपर्यंत कोण पोहोचवणार?

चुकांची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. पहिल्या भागात कॉनराड व्हर्नर नावाचा शेपर्डचा एक भोळसट चाहता भेटतो. त्याला समजावून घरी पाठवता येते किंवा धमकावता येते. दुसऱ्या भागात, आपण त्याच्याशी कितीही सौजन्याने वागलेलो असलो तरी, तो म्हणतो की तुम्ही माझ्या तोंडासमोर बंदूक धरली होती. ही सेव्ह फाइल वाचण्यातली चूक होती. पण तिसऱ्या भागाच्या लेखकांनी ती कथेतच सामावून घेतली: तिथे कॉनराड आपण तेव्हा तणावाखाली होतो अशी सारवासारव करतो. आता सांगा, पुनर्प्रकाशन करणाऱ्याने दुसऱ्या भागातली चूक सुधारली तर तिसऱ्या भागातल्या विनोदाचे काय? आधी कथानक तपासून मगच दुरुस्ती करायची, अशी शिस्त नसेल तर चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही कथेला भोक पाडते.

ज्या बदलावर सर्वांत जास्त आरडाओरडा झाला तो मला सर्वांत किरकोळ वाटतो. दुसऱ्या भागात मिरांडा ही सहकारी आपल्या बहिणीविषयीचे अत्यंत खासगी दुःख सांगत असताना कॅमेरा तिच्या मागच्या बाजूवर स्थिरावत असे. नव्या आवृत्तीत असे काही कोन बदलले आहेत. मूळ हेतू तसाच होता असे मान्य केले तरी तो त्या प्रसंगाच्या लेखनाच्या विरोधात जाणारा हेतू होता. संवाद एक सांगतो आणि कॅमेरा दुसरेच पाहतो, याला दिग्दर्शनातली विसंगतीच म्हणावे लागेल. संवाद शब्दशः तसाच आहे आणि प्रसंग आता अधिक नीट पोहोचतो.

स्त्री शेपर्डच्या चेहऱ्याचा बदलही उल्लेखनीय आहे. पहिल्या दोन भागांत तयार मिळणारा पुरुष चेहरा मार्क व्हँडरलू या डच मॉडेलवरून बेतलेला होता, पण स्त्री चेहऱ्यावर तशी मेहनत नव्हती आणि जाहिरातींतही ती जवळपास नसे. तिसऱ्या भागाच्या आधी 2011 मध्ये चाहत्यांचे मतदान घेऊन तिला लाल केसांचे नवे रूप दिले गेले. नव्या आवृत्तीत तेच रूप पहिल्या भागापासून उपलब्ध आहे. बायोवेअरने नंतर प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार 68 टक्के खेळाडूंनी पुरुष शेपर्ड निवडला आणि 32 टक्क्यांनी स्त्री. माझे मत विचाराल तर जेनिफर हेल यांच्या आवाजातली शेपर्ड ही या मालिकेची सर्वांत भक्कम बाजू आहे, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करावी.

आता जे नाही त्याबद्दल. पहिल्या भागाचे ‘पिनॅकल स्टेशन’ हे डीएलसी नव्या आवृत्तीत नाही, आणि कारण ऐकून या व्यवसायातील कोणाच्याही पोटात गोळा येईल: त्याचा मूळ सोर्स कोड खराब झालेला निघाला. ते डेमिअर्ज या वेगळ्या स्टुडिओने बनवले होते. त्यांच्याकडची प्रतही तशीच निघाली. ते पुन्हा बांधायला आणखी सहा महिने लागले असते, म्हणून सोडून दिले. कथेच्या दृष्टीने नुकसान फारसे नाही, कारण ते लढाईच्या सरावाचे मैदान होते. पण 2021 मध्ये, जेमतेम बारा वर्षांपूर्वीची मूळ सामग्री दोन स्टुडिओंच्या संग्रहांत मिळून सापडू नये, ही बाब चाहत्यांच्या इतर सगळ्या तक्रारींपेक्षा गंभीर आहे.

तिसऱ्या भागाची इतरांसोबत मिळून खेळायची ऑनलाइन लढतही गाळली आहे. तिचे चाहते कमी नव्हते, आणि ती हळहळ मला समजते. परंतु मूळ रचनेत ती मुख्य कथेच्या गळ्यात अडकवलेली होती. रीपर या यंत्रजातीशी होणाऱ्या अंतिम युद्धासाठी आकाशगंगेची तयारी किती झाली याचा एक आकडा गेम ठेवतो. 2012 मध्ये ऑनलाइन न खेळणाऱ्याची तयारी निम्मीच धरली जात असे, म्हणजे एकट्याने मनापासून खेळणाऱ्याला उत्तम शेवट गाठणे अतिशय कठीण होते. नंतर अट सैल केली गेली, आणि नव्या आवृत्तीत हिशेब असा नव्याने बसवला आहे की तिन्ही भाग नीट खेळलेल्याला तेवढ्यावरच उत्तम शेवट मिळावा. ही दुरुस्ती मला सर्वांत न्याय्य वाटते.

शेवटाचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. कथा फोडणार नाही. मार्च 2012 मध्ये तिसऱ्या भागाच्या समाप्तीवर असा भडका उडाला की नाराज चाहत्यांनी वर्गणी काढून मुलांच्या रुग्णालयांना मदत करणाऱ्या ‘चाइल्ड्स प्ले’ संस्थेसाठी निधी उभारला, आणि स्टुडिओला लाल, हिरव्या व निळ्या साखरेचे 400 कपकेक पाठवले. रंग तीन, चव एकच. शेवटाच्या तीन पर्यायांवर याहून मार्मिक टीका मी वाचलेली नाही. संस्थापकांपैकी रे म्युझिका यांनी चाहत्यांना खुले पत्र लिहिले आणि जूनमध्ये विस्तारित शेवट मोफत देण्यात आला. आज नवी आवृत्ती घेणाऱ्याला हा विस्तारित शेवट आपोआप मिळतो. शेवटाची पायाभरणी करणारे ‘लेव्हायथन’ हे डीएलसी मधोमध खेळायला मिळते. 2012 मध्ये पहिल्याच दिवशी वेगळे पैसे घेऊन विकलेले जॅविक हे पात्रही सुरुवातीपासून सोबत येते. म्हणून जुना चाहता आणि नवा खेळाडू शेवटाविषयी बोलतात तेव्हा ते प्रत्यक्षात दोन वेगळ्या अनुभवांविषयी बोलत असतात. नव्याला ‘एवढे चिडण्यासारखे काय होते’ असे वाटते ते खोटे नाही, आणि जुन्याचा राग हाही खोटा नव्हता.

मॉडर मंडळींचा, म्हणजे गेममध्ये हौसेने स्वतःचे बदल (मॉड) करणाऱ्यांचा, उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. मूळ पहिल्या भागात पीसीवर अनेक एएमडी प्रोसेसरांमुळे नोव्हेरिया आणि आयलॉस या ठिकाणी पात्रांच्या जागी काळे ठोकळे दिसत. वर्षानुवर्षे अधिकृत दुरुस्ती आली नाही. 2020 मध्ये एका मॉडरने छडा लावला की ग्राफिक्सच्या एका जुन्या गणिती लायब्ररीत या प्रोसेसरांसाठी वेगळा मार्ग घेतला जात होता, आणि त्यातून निघणारी उत्तरेच निरुपयोगी होती. नव्या आवृत्तीत ही अडचण नाही. त्या आवृत्तीसाठीही मॉडरांनी पहिल्या भागाचे जुने आकाश व जुना मूड परत आणणारी कामे केली आहेत, आणि गाळलेले ‘पिनॅकल स्टेशन’ही त्यांनीच पुन्हा बसवून दाखवले. कंपनीला न परवडणारे काम चाहते हौसेने करतात, याचा अर्थ कंपनीने ते करायला हवे नव्हते असा होत नाही. पण ईडन प्राइमच्या आकाशाचा वाद आता पीसीवर तरी ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवता येतो.

तेव्हा आपण काय करावे? पीसीवर खेळणार असाल तर 120 जीबी जागा मोकळी ठेवा. पहिल्या भागापासूनच सुरुवात करा. ‘जेनेसिस’ची चित्रकथा पाहून थेट दुसऱ्यावर उडी मारू नका, कारण तिच्यात निर्णय येतात पण त्यांच्यामागचे नाते येत नाही. पहिल्या खेपेला कोणताही मॉड लावू नका. पहिल्या भागातली ओसाड ग्रहांवरची सगळी कामे करण्याची गरज नाही, ती खरोखर एकसुरी आहेत. सिटाडेलवरची लहान कामे मात्र सोडू नका. तिथे समेश भाटिया नावाचा एक माणूस भेटेल. त्याची पत्नी निराली ईडन प्राइमवर लढताना मेली आहे, आणि संशोधनासाठी अडवून ठेवलेला तिचा देह त्याला अंत्यसंस्कारासाठी परत हवा आहे. बंदूक चालवावी लागत नाही, केवळ दोन बाजू ऐकून मत द्यायचे असते, आणि ही मालिका लोकांना एवढी का आवडली ते त्या दहा मिनिटांत कळते. लिफ्टमध्ये पहिल्या खेपेला बटण दाबू नका. आणि तिसऱ्या भागातले ‘सिटाडेल’ हे डीएलसी यादीत लवकर उपलब्ध झाले तरी राखून ठेवा. ते मूळ गेमनंतर वर्षभराने, मार्च 2013 मध्ये, चाहत्यांचा निरोप घेण्यासाठी केलेले आहे, त्याचा सूर थट्टेचा आहे, आणि शत्रूच्या मुख्य तळावर चढाई करण्याच्या अगदी आधी खेळले तरच तो सूर जागेवर बसतो.